चोवीस नंबरची फीत

४ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. तो तुला द्यायचा की नाही, ते पत्र संपेपर्यंत ठरवीन. बारा वर्षांनी लिहिते आहे, आणि खुशाली विचारायला नक्कीच नाही.

तुझा पत्ता मला कुणी दिला नाही. आपल्या मधलीची लेक टिटवी काल दुकानात आली होती, तिच्या पिशवीतून तुझं पाकीट अर्धं बाहेर डोकावत होतं. ती हात धुवायला आत गेली तेवढ्यात मी पत्ता पडद्याच्या पावतीमागे उतरवून घेतला. आतलं पत्रही वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये वगैरे तू मला शिकवू नकोस. तुझ्या शाळेच्या चड्ड्या मी शिवल्या आहेत.

टिटवी आता एकवीस वर्षांची आहे. लहानपणी दिवसभर कलकल करायची म्हणून तूच तिला हे नाव ठेवलंस. आता ती फारसं बोलत नाही, नुसती बघत बसते, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटते. तिला टेंगूळ डोंगर चढायचा आहे. तिचे बाबा, आपले मास्तर, जिथे बसून शेवटचं चित्र काढत होते ती जागा तिला बघायची आहे. मधलीला तिने सांगितलेलं नाही. मला सांगितलं, आणि माझ्याही आधी तुला कळवलं. का? सख्खी मावशी दोन गल्ल्या पलीकडे असताना हजार कोसांवरच्या मामाला विचारायची काय गरज पडली? आधी पत्र कुणी कुणाला लिहिलं, तेवढं मला खरं सांग.

तू तिला दक्षिणेच्या धारेने, डोंगराच्या कण्यावरून, जायला सांगितलं आहेस. तुझ्या पत्रातल्या दोन ओळी मला पाठ झाल्या आहेत. 'उतरताना डोकी मोजल्याशिवाय एकही फीत काढू नका. खांद्यावर, जिथे धार फुटते तिथे, एक जुनी फीत असेल, तिला हात लावू नकोस.' हे वाचल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. डोकी मोजा, हे तू कुणाला उद्देशून लिहिलंस? मुलीला की मला? मी हे पत्र वाचणार, असं तू धरूनच चालला होतास का?

टेंगळावर वाट नाही, पण म्हणून चढायला जागाच नाही असं नाही. तीन बाजू आहेत, हे तुलाही ठाऊक आहे. उत्तरेची जळकी उतरंड तर सोडूनच दे. पडलेली खोडं एकमेकांवर आडवीतिडवी पसरली आहेत आणि मधून छातीभर उंचीचं काटेरी रान माजलं आहे. पूर्वेचा ओढा सगळ्यात जवळचा. पाणी सोबतीला असतं, चुकण्याचा प्रश्न येत नाही, पाण्याला धरून वर जायचं आणि पाण्याला धरून खाली यायचं. दक्षिणेची धार लांबलचक, आणि त्या धारेने आपल्या घरातलं एक माणूस नेलं आहे. शहाणा मामा भाचीला कुठली बाजू सांगेल?

धारेवर चढताना कुणाचं काही चुकत नाही. खालून दोन सोंडा येतात, खांद्यावर एक होतात, आणि चढणाऱ्याला कळतही नाही की आपल्याला दुसरी येऊन मिळाली. फसगत होते ती उतरताना. उजवी सोंड घराकडे येते, डावी कड्यावर जाऊन संपते. म्हणून तर मी पडद्याच्या नारिंगी अस्तराच्या साठ फिती कापल्या होत्या, प्रत्येकीवर शाईने आकडा घातला होता, खालून वर एक ते साठ. गाठ झुडपाच्या वरच्या अंगाला मारायची, म्हणजे उतरणाऱ्याला समोर दिसते. शेवटी उतरेल त्याने सगळ्या काढत यायच्या, डोंगरावर आपला कचरा ठेवायचा नाही. हा आपला नियम होता. मास्तर शेवटी उतरले तेव्हा उजव्या सोंडेवर एकही फीत नव्हती. ते डावीकडे गेले. तिसऱ्या दिवशी घळीत सापडले.

आणि फिती तुझ्या पिशवीत निघाल्या. हे तरी तू नाकारत नाहीस ना?

मुलीला ओढ्याने जाऊ दे. तू तसं लिही.

आशीर्वाद शिल्लक ठेवते आहे.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

बारा वर्षांनी सात पानं लिहिली आणि तू पोस्टकार्ड पाठवलंस. त्यावर तीन शब्द. 'धारेनेच जाऊ दे.' पोस्टमनने सुद्धा वाचलं असणार, कारण देताना तो हसला. मी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. शाई एकाच दमात लिहिल्यासारखी आहे, कुठे खाडाखोड नाही. विचार न करता लिहिलंस की आधीच ठरवून ठेवलं होतंस?

टिटवी सांगते तू तिकडे लिफ्ट दुरुस्त करतोस. छान. चढ-उतार तुझ्या मागे हात धुऊन लागले आहेत म्हणायचे.

ती आता रोज दुकानात येते. कापायच्या टेबलावर नकाशा पसरते, चार कोपऱ्यांवर माझी कात्री, इस्त्री, मापाची पट्टी आणि दोऱ्याचं रीळ ठेवते आणि वाकून बसते. उंचीच्या रेषा जिथे दाट तिथे चढ उभा, एवढं मलाही कळतं. ओढ्याच्या वरच्या टोकाला त्या इतक्या दाट आहेत की सगळ्या मिळून एक काळा डाग दिसतो. ती तिथे बोट ठेवून म्हणाली, "मावशी, इथून कसं जायचं?" मी म्हटलं, "पाण्याने स्वतःला वाट काढली आहे ना, मग माणसालाही निघेल." ती माझ्याकडे बघत राहिली. बाप असाच बघायचा, चित्र काढायच्या आधी.

मग तिने विचारलं, "बाबांच्या वेळी तुम्ही धारेनेच का गेलात?"

"तुझ्या मामाचा हट्ट," मी म्हटलं.

आता सरळ विचारते. ती जुनी फीत तू तिथे का ठेवलीस? बाकीच्या काढल्यास आणि ती एकच ठेवलीस, म्हणजे हेतू असणार. त्या फितीवर आकडा आहे. इतक्या वर्षांच्या उन्हात रंग गेला असेल पण ती शाई कपड्याचा जीव गेला तरी जात नाही, हे मी तुला खात्रीने सांगते. मुलगी तो आकडा वाचेल. मग तुझ्या पिशवीत कोणकोणते आकडे होते ते आईला विचारेल. मधलीने तेव्हा आकडे बघितले नव्हते, नुसत्या फिती बघितल्या होत्या. आता बसून आठवायला लागली तर?

कुठेतरी पाणी मुरतंय आणि ते माझ्याच घराच्या भिंतीत, असं मला हल्ली सारखं वाटतं. तू बारा वर्षं गप्प बसलास. गप्प बसणाऱ्या माणसाचा मला कधीच भरवसा वाटला नाही. बोलणारा निदान किती जाणतो ते कळतं. तू काय जाणतोस? आणि त्यातलं तिला किती सांगितलं आहेस?

परवा रविवारी ती मैत्रिणीला घेऊन ओढ्याने थोडं वर जाऊन बघणार आहे. मीच म्हटलं, जाऊन बघ, एकदा पाहिलंस की धारेचं नाव काढणार नाहीस.

ताई


९ मार्च

धाकट्या,

टिटवी पडली. आधी हे सांगते की ती बरी आहे. हनुवटीला तीन टाके पडले, डावं मनगट प्लास्टरमध्ये आहे.

ओढा वर जाऊन चिंचोळा होतो, दोन्ही बाजूंना रान इतकं गच्च की बाहेर पडता येत नाही, म्हणून ती ओल्या दगडांवरूनच चढत राहिली. मैत्रीण मागे होती म्हणून वाचली. तिने दप्तराचा पट्टा धरून ठेवला. पट्टा मी शिवलेला होता. मधली दवाखान्यात मला म्हणाली, "ताई, तुझा दुहेरी टाका नसता तर माझी पोर गेली असती." आणि माझा हात घट्ट धरून बसली. मला तो हात सोडवून घ्यावासा वाटत होता.

परवा टिटवी दुकानात आली. प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला, दुसऱ्या हाताने पिशवीतून मास्तरांची वही काढली. चित्रांची नव्हे, दुसरी, ज्यात ते जायच्या आधीचं सगळं टिपून ठेवत. त्यात टेंगळाचं पान आहे. तीन बाजू काढल्या आहेत. ओढ्यावर मोठी फुली आणि शेजारी मास्तरांच्या सुबक अक्षरात: 'ताई म्हणतात, ओढा दिसायला सोपा, वर गेल्यावर सापळा. लांब पडली तरी धारच बरी.'

"मावशी," ती म्हणाली, "हे तुझंच म्हणणं होतं ना?"

मी म्हटलं, माणूस विसरतो. ती म्हणाली, "तू पडद्याचं एक माप विसरत नाहीस. तू मला ओढ्यात का पाठवलंस?"

आवाज चढवला नाही तिने. बारा वर्षं मी दारावरच्या बेलपासून पोस्टमनच्या हसण्यापर्यंत सगळ्याचा संशय घेत आले, आणि माझ्याकडे कुणी संशयाने पाहिलं ते त्या दिवशी, पहिल्यांदा. खरं सांगू? मला बरं वाटलं.

मी उठले. मी ज्यावर बसून शिवते त्या स्टुलाची गादी उचलली आणि कात्रीने तिची शिवण उसवली. तिला जे सांगितलं तेच तुला लिहिते. त्यातलं अर्धं तुला ठाऊक आहे. उरलेलं अर्धं फक्त मला.

त्या दिवशी माझा गुडघा धरला म्हणून मी खांद्यावर थांबले, तुम्ही दोघं वर गेलात. धुकं उतरलं. मी थोडी खाली, झुडपामागे गेले होते. कशाला ते बाईमाणसाने सांगायची गोष्ट नाही, आणि तेवढ्या लाजेपायी मी ही जागा कुणालाही कधी सांगितली नाही. तेवढ्यात तू जवळून गेलास. तुझा आवाज ऐकला, "मास्तर, सावकाश, निसरडं आहे." मला वाटलं दोघं बरोबरच आहात. मास्तर तेव्हा वर, हाकेच्या अंतरावर होते आणि तू मागे वळून त्यांना सांगत होतास, हे मला दिसलं नाही. मी बाहेर आले, खालच्या बाजूला तोंड करून हाक मारली, उत्तर नाही. भयंकर राग आला. मला म्हातारीला एकटीला टाकून गेले, असं मनात आलं. शेवटची मीच, म्हणजे फिती मीच काढायच्या. वरच्या तुम्ही काढल्याच असतील असं धरलं आणि समोरच्या तेविसापासून काढत खाली आले. एकदा मान वर करून बघितलं असतं तर चोवीस नंबरची जागच्या जागी दिसली असती. बघितलं नाही. रागात मान वर होत नाही माझी.

इथवर चूक होती धाकट्या. चूक कुणाचीही होते.

खाली तू स्टोव्ह पेटवून बसला होतास. म्हणालास, "मास्तर तुझ्याबरोबर ना?" त्या क्षणी मला सगळं कळलं. कोटाच्या दोन्ही खिशांत फिती होत्या, त्यांचा फुगवटा मला हाताला लागत होता. तेव्हा बोलले असते तर तू धावत सुटला असतास. उजेड होता अजून. तासाभरात खांद्यावर पोचला असतास, हाका मारल्या असत्यास. आणि मी म्हणाले, "येतायत मागून."

तू मला चहा दिलास. मी तो प्यायले. आपण दोघं उजव्या सोंडेकडे बघत बसलो, तू निर्धास्त, कारण तुझ्या हिशेबाने फिती होत्या. मी स्वतःला सांगत होते, मास्तर हुशार आहेत, येतील, मग कुणाला काही सांगायची वेळच येणार नाही. अंधार पडेपर्यंत हेच सांगत होते.

दुसऱ्या दिवशी तू लोकांच्या बराच पुढे धारेने वर गेलास. खालच्या तेवीस नाहीत आणि वरच्या आहेत, हे बघितल्यावर तुला कळायला किती वेळ लागला असेल? तू वरच्या काढून आणल्यास, कुणाला त्या अर्ध्यावर तुटलेल्या दिसू नयेत म्हणून. तेव्हा मला हे कळलं नाही असं मी म्हणणार नाही. मी तुझी पिशवी रिकामी करत होते, मधली दारात उभी होती. तिने नारिंगी रंग बघितला आणि तुला म्हणाली, "तू काढल्यास?" वरच्या फितीवर पंचवीस आकडा होता. मी तो वाचला आणि फिती उलट्या केल्या. तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघितलं. मग तू तिला म्हणालास, "हो."

टिटवीने तेवीसच्या तेवीस फिती टेबलावर ओळीने मांडल्या, एका हाताने. रडली नाही. शेवटी म्हणाली, "आईला तू सांगशील की मी?"

मी सांगितलं. काल. मधलीने सगळं ऐकून घेतलं, उठली, भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी होती. माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

एक मात्र तुला विचारायचं राहिलं आहे, आणि आता मला ते विचारायचा हक्कही नाही. चोवीस नंबरची का ठेवलीस? मी इतकी वर्षं धरून चालले की माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून.

ताई


२ एप्रिल

धाकट्या,

उत्तर आलं नाही. येऊ नये, असंच माझंही मत. पण पुढचं तुला कळायला हवं.

प्लास्टर निघालं आणि दुसऱ्याच आठवड्यात टिटवी दारात उभी. "नव्या फिती काप," म्हणाली. "आणि तूही चल." मी म्हटलं माझे गुडघे. ती म्हणाली, "खांद्यापर्यंत गेलीस तरी पुरे. तिथे बसायचं. आम्ही खाली आल्याशिवाय हलायचं नाही."

आम्ही धारेने गेलो. ती, तिची मैत्रीण आणि मी. धार लांब आहे हे खरं, पण कण्यावर रान विरळ आहे, वारा लागतो, जनावरांच्या पायवाटा मधूनमधून साथ देतात. चाळीस पावलं झाली की मी गाठ मारायची, वरच्या अंगाला. मुली पुढे होऊन झुडपं वाकवत होत्या आणि मी मागे भात्यासारखी धापा टाकत होते. टिटवी दर वेळी थांबून विचारायची, "किती नंबर?" मी सांगायची. तिला आकडा नको होता, मी आहे ना ते बघायचं होतं.

खांद्यावर पोचलो. तुझी फीत समोर होती.

रंग म्हणशील तर नाहीच, हाडासारखी पांढरी पडली आहे. आकडा मात्र वाचता येतो. शाईबद्दल मी खोटं बोलले नव्हते. पण धाकट्या, ती मी बांधलेल्या जागी नाही. मी ती फाट्याच्या वर, एका खुज्या झुडपाला बांधली होती. तू ती सोडून फाट्याच्या उजव्या तोंडाशी, खडकातून आलेल्या झाडाला, डोक्याच्या उंचीवर बांधली आहेस, आणि दोन गाठी मारल्या आहेस. वरून कुणीही कुठल्याही धुक्यात उतरला तरी आधी ती दिसते आणि पाय आपोआप उजवीकडे वळतात. मी तिथे उभी राहून पाहिलं. मास्तर अजून सापडलेही नव्हते, मी केलेलं तुला कळून चुकलं होतं, आणि तू तिथे थांबून पुढे कधी येणाऱ्या कुणा अनोळखी माणसासाठी गाठ पक्की करत होतास. पुराव्याचं तुझ्या डोक्यातही नव्हतं. ते माझंच डोकं.

मी खाली बसले आणि खूप रडले. मुलींनी रडू दिलं आणि वर निघून गेल्या.

चार तास बसले होते. दोनदा ढग आले. वर बोलण्याचा आवाज यायचा, मग बंद व्हायचा. प्रत्येक वेळी आवाज जवळून गेला असं वाटायचं. उठले नाही. झुडपामागेही गेले नाही, वाटेल ते झालं तरी. चार वाजता आधी मैत्रीण दिसली आणि तिच्यामागे टिटवी. मी मोठ्याने म्हटलं, "एक, दोन, आणि मी तीन." टिटवी म्हणाली, "मोजलंस? मग चल."

फिती तिनेच काढल्या, सगळ्या. मी एकीलाही हात लावला नाही. चोवीस नंबरची आपली जुनी होती तिथेच आहे. मास्तरांची चित्र काढायची जागा तिला सापडली. तिथून आपलं गाव दिसतं आणि माझ्या दुकानाचं छप्परही, असं ती सांगते. तेवढ्यावरून कसं ओळखलंस असं मी विचारणार होते, मग म्हटलं राहू दे, आता प्रत्येक गोष्टीची उलटतपासणी नको.

पहिल्या पत्रात आशीर्वाद शिल्लक ठेवला होता. तो देण्याची माझी लायकी नाही, पण मोठी आहे म्हणून माझ्याकडेच पडून आहे, तेव्हा घे. तू ये असं म्हणायचं धाडस मी करत नाही.

हे पत्र लिहीत होते तेव्हा मधली आली. महिन्यात पहिल्यांदाच. बसली नाही, पाणीही घेतलं नाही. टेबलावरचं कोरं पाकीट उचललं, माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, उभ्याउभ्याच त्यावर काहीतरी लिहिलं आणि निघून गेली. मी अजून तिच्या मनात काय आहे ते ओळखू शकत नाही, आणि कयास बांधायची सवय मी सोडायला बघते आहे. तुझा पत्ता तिला तोंडपाठ होता. पाकिटावरचं अक्षर तू ओळखशीलच.

ताई